जखम गेली, गरमी राहिली

(दृश्य: जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा. दारावर पाटी – सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना.)

या दारापुढे रांग नसते. माणसं पाटी वाचतात, पुढे निघून जातात, नळावर पाणी पिऊन परत येतात. आत बसल्यावर बरेच जण एकच सांगतात, 'जखम झाली होती, पण आपोआप बरी झाली.'

गरमीचा सगळा डाव या वाक्यात आहे.

गरमी म्हणजे उपदंश, डॉक्टरांचा सिफिलिस. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथात हा 'फिरंगरोग' आहे, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. तिकडे इटलीत त्याला फ्रेंच रोग म्हणायचे आणि फ्रान्समध्ये नेपल्सचा. हे दुखणं दुसऱ्याच्या माथी मारायची खोड तेव्हापासूनचीच.

संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर, योनीत, गुदद्वाराशी किंवा ओठावर टणक कडांचा व्रण उठतो. तो दुखत नाही. दुखलं असतं तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता! योनीच्या आत असला तर बाईला कळतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाविनाही भरून येतो आणि मेडिकलमधून आणलेल्या मलमाला फुकटचं श्रेय मिळतं.

पुढे अंगावर, अगदी तळहात-तळपायांवरही, चट्टे येतात. बहुधा खाजत नाहीत. तेही जातात. जंतू अंगातच राहतो. काहींच्या बाबतीत तो वर्षांनी हृदयाच्या महाधमनीपर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचतो.

गरोदरपणात तो वारेतून बाळाकडे जातो. गर्भ पडू शकतो, बाळ मृत जन्मू शकतं. म्हणून पहिल्याच तपासणीत व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची रक्ततपासणी होते. घरातल्या आजाराचा पत्ता कधीकधी तिथेच लागतो आणि बोट आधी तिच्याकडे वळतं. रिपोर्ट तिचा असला तरी आजार कुणी कुणाला दिला, हे त्यात लिहिलेलं नसतं.

(दृश्य: सिस्टरच्या हातात पांढरा किट.)

बेंझाथिन पेनिसिलिन. बाटलीतल्या पावडरीत पाणी सोडून सिस्टर ती हलवते. घट्ट दुधासारखं औषध, जाड सुई, २४ लाख युनिट. 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का?' विचारून झालं की कमरेत, दोन बाजूंना अर्धं अर्धं. आजार ताजा असेल तर एवढ्यावर भागतं. जुना असेल तर दर आठवड्याला एक, असे तीन डोस. रात्री ताप आला तर 'इंजेक्शन लागू पडलं नाही' म्हणू नका. जंतू मरताना असा ताप येतो, दिवसभरात उतरतो.

१९४३ मध्ये अमेरिकेत गरमीच्या चार रुग्णांवर पेनिसिलिनचा पहिला प्रयोग झाला. १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी आपल्या पिंपरीत सरकारी कारखाना उभा राहिला. औषध जुनंच आहे, आणि गरमीवर आजही तेच चालतं.

लस नाही. एकदा झालेली गरमी पुन्हा होऊ शकते. कंडोम दर वेळी वापरा. मात्र व्रण कंडोमच्या बाहेर असेल तर तो अपुरा पडतो. व्रण पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत. जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर आजार घरातल्या घरात फिरत राहतो. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तिथे नाव सांगावं लागत नाही.

(दृश्य: टेबलावर एका रुग्णाचा रिपोर्ट. समोर तो बसलेला.)

आज व्हीडीआरएलचा आकडा १:३२. वर्षभरात तो चौपट उतरून १:८ किंवा त्याखाली यायला हवा. समुपदेशक पुढची तारीख लिहून देते. मग दुसरी चिठ्ठी फाडते, त्याच्या बायकोसाठी. तो दोन्ही एकाच खिशात ठेवतो.