चौथ्यांदा विचारताना

(दृश्य: कापसाचं शेत, वेचणीच्या बायका)

वर्धा जिल्हा. नोव्हेंबर. वेचणी जोरात आहे, त्यामुळे दिवसा गावात कुणी सापडत नाही. भेटायचं तर दिवेलागणीला, बाई चुलीपाशी बसायच्या आत. कुठल्याच संशोधन-प्रस्तावात ही वेळ लिहिलेली नव्हती. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मुलाखती घ्यायला शिकणाऱ्या या मुलींनी ती गावात येऊनच ओळखली.

(दृश्य: समाजमंदिर, सतरंजी, समोरासमोर दोघी)

ही मुलाखत खोटी आहे. डावीकडची मुलगी नुकतीच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर, झालीय, संशोधनात पहिल्यांदाच. उजवीकडे गावातल्या आशाताई. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका त्या करताहेत, आणि मुद्दाम अवघड करताहेत.

'तुमी लिहून नेता, अन् मंग येतच नाई.'

मुलगी अडखळते. मागे बसलेल्या, त्यांना शिकवणाऱ्या मॅडम मदतीला येत नाहीत. 'पहिल्यापासून,' एवढंच म्हणतात.

एवढी तालीम कशाला? अशा घरात आधी पोलीस येऊन गेलेले असतात. मग तलाठी, मग तहसीलची चौकशी. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, किती थकलं होतं. त्यावरून जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर १ लाख रुपये: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तोवर एकाच दिवसाची गोष्ट बाईनं तीनदा सांगितलेली असते. संशोधक येतो तो चौथा, आणि त्याच्याकडे द्यायला चेकही नसतो.

(दृश्य: ओसरी, चेहरे दाखवलेले नाहीत)

म्हणून इथे आधी बसायला शिकवतात. सासरे, दीर समोर असतील तर प्रश्न सुरू करायचे नाहीत. संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि 'नाही म्हटलं तरी चालेल' हे खरं वाटेल असं सांगायचं. 'त्या दिवसा'बद्दल आपण होऊन विचारायचंच नाही. मग नैराश्य तपासणारे, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न: झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे 'हो' आलं की फारम बाजूला. वरिष्ठांना तिथूनच फोन, बाईला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९चं. तिथल्या मुलांना सुरुवातीपासून गावात राहायला पाठवतात, त्यामुळे खेडं हीच प्रयोगशाळा मानणं या जिल्ह्याला नवीन नाही. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन संशोधन योजनाही १९७९पासून आहे, दोन महिन्यांची. योजना चांगली आहे. पण अशा घरात दोन महिन्यांत जेमतेम ओसरीवर चहा मिळतो. फारम छापायला पैसे मिळतात, प्रवासालाही मिळतात. नवख्या मुलीच्या शेजारी संध्याकाळभर बसणाऱ्या अनुभवी माणसाच्या वेळेसाठी मात्र अंदाजपत्रकात रकाना सापडणं कठीण.

(दृश्य: रात्र. खोलीत सहा जणी, मधे भाकरीची टोपली)

आमचा कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ इथे थांबला. दिवसभर ऐकलेलं इथे उतरवायचं. कागदावर नव्हे, एकमेकींजवळ. ज्या घरी आज ही मुलगी गेली, तिथला मुलगा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. उद्या तिला सुट्टी आहे. ती मागितली नव्हती, मॅडमनी दिली.

(निवेदन थांबेल. ४० सेकंद फक्त दृश्य.)

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र, बाहेर रांग)

यातून उपचार सुधारतात का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. ते निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मुलींनी गोळा केलेली माहिती अजून संगणकात भरली जातेय. आरोग्य केंद्रानं तेवढ्यात एक गोष्ट मान्य केली: बाजाराच्या दिवशी समुपदेशक बसेल, आणि तिच्या खोलीला दार असेल.

(पाटी: मन जड झालं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.)