आधी माती उकरायची

तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र तुमच्यापैकी काहींनी दवाखान्यात पाहिलं असेल. नळी तोंडात धरून श्वास ओढला, की चेंडू वर चढतात. पाच वर्षांपूर्वी माझा पहिला चेंडू जेमतेम उचलला जायचा, दुसरा थरथरायचा, तिसरा जागचा हलायचा नाही. त्याच्या दोनच महिने आधी मी दहा किलोमीटर बावन्न मिनिटांत धावले होते.

टीबीमुळे छातीत पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून ते काढलं, मग सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते, हे मला ठाऊक नव्हतं. रक्त जातंय असं वाटून मी रात्रभर जागी होते. कुणाच्या घरी हे दुखणं असेल तर त्यांना एवढं आधीच सांगून ठेवा. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मध्येच सोडू देऊ नका.

मला खरं बोलायचंय ते गोळ्या संपल्यानंतरचं. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू पळायला हरकत नाही." हळूहळू म्हणजे किती, इथंच माझी चूक झाली.

1966 साली अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण पाव हिश्श्यानं घसरली. पुढे नेटानं सराव दिल्यावर ती भरूनही आली. याचा अर्थ, दम परत येतो, आणि तसा लवकर येतो. पण हाडं आणि स्नायुबंध त्याच वेगानं येत नाहीत. दम आला की माणसाला वाटतं आपण पूर्वीसारखे झालो, आणि नडगीला त्याची खबरच नसते.

माझं तेच झालं. तिसऱ्या महिन्यात श्वास मोकळा झाला, तशी एका रविवारी मी जोतिबाचा चढ धावत गाठला. वर पोचले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, इतका आनंद झाला. मंगळवारी उजव्या नडगीवर बोटभर जागा अशी दुखायला लागली की जिना उतरवेना. सहा आठवडे धावणं बंद.

माझे वडील तालमीतले. त्यांनी काही रागवलं नाही. पायाला शेक देता देता म्हणाले, "दुखण्यातनं उठलेल्या गड्याला वस्ताद लगेच जोड देत नाही, बाळ. हातात फावडं देतो. आधी माती उकर, मग जोर-बैठका, मग कुस्ती." कोल्हापुरात जन्म गेला माझा, लाल माती उकरणारी पोरं मी लहानपणापासून पाहिली. पण ते उकरणं म्हणजे परत येण्याची पहिली पायरी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी फावडं धरलं. रंकाळा टॉवरपासून एक मिनिट धावायचं, चार मिनिटं चालायचं. शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचेपर्यंत ओळखीचे चारजण मागून पुढे जायचे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायची. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले की त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. आजारात नऊ किलो वजन उतरलं होतं, तेव्हा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर रोज जायचे. अंडी, मटकी, शेंगदाणे, नाचणीची भाकरी, सगळं नेमानं. आणि जुनी बावन्न मिनिटं मी वहीतून खोडली नाही, नवीन वही घातली. तिच्यात पहिली नोंद आहे: "एकूण धाव सहा मिनिटं."

स्पर्धेत पुन्हा उतरायला चौदा महिने लागले. दहा किलोमीटर, एक तास चार मिनिटं. मागच्या वर्षी छप्पन्न. बावन्न मला हवीच आहेत, ते मी लपवत नाही. पण यंदा नडगी काय म्हणते ते विचारून.

तुमच्यापैकी कुणी दुखण्यातून उठलं असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर रविवारी सकाळी सहाला टॉवरपाशी या. पहिली दहा मिनिटं आपण फक्त चालणार आहोत.