काठी आधी कुणाला?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘ऑर्किडच्या तुऱ्याला आधार’. तुऱ्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार ऐका, कारण तुरा यायला झाड जगायला हवं.

डेंड्रोबियम जातीचं नवं ऑर्किड लावलं की डुलतं. दीड-दोन फूट उंच कांडी आणि खाली मूठभर मुळं, डुलणारच! मग आपण काय करतो? बुडखा दोन बोटं आत ढकलतो आणि वरून कोळसा, नारळाचं सोडण चेपून भरतो. गुलाबाला हे चालतं, जास्वंदीला चालतं. ऑर्किड कुजतं. त्याचं आडवं खोड मिश्रणावर नुसतं टेकलेलं हवं. नवे कोंब तिथूनच फुटतात, आणि ओल्या सोडणात गाडले गेले की काळे पडून हातात येतात. झाड पडू नये म्हणून आपण त्याला पुरलं, दुसरं काय! (हशा)

काही जण मोठी कुंडी आणतात. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपली सवय. पण चार इंची कुंडीचं झाड आठ इंचीत लावलं, तर कडेचं सोडण सुकतं आणि मधलं दिवसचे दिवस ओलं राहतं. मुळं नेमकी मधेच असतात. कुंडी लहानच ठेवा. ती कलंडत असेल तर तशीच्या तशी एका जड मातीच्या कुंडीत बसवा आणि मधल्या फटीत दगड भरा.

आणि ‘डुलू दे, धरेल हळूहळू’ म्हणणारे? नव्या मुळाचं टोक जवळून पाहा. मूळ पांढरं, स्पंजासारखं. टोकाचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर हिरवा, चकचकीत. वाढ फक्त तिथे होते. झाड हललं की ते टोक विटेच्या तुकड्यावर घासतं आणि तपकिरी होऊन थांबतं. पुढे मागच्या बाजूने फाटा फुटलाच तर फुटतो, तोवर आठवडे गेलेले असतात. म्हणून पहिली काठी मुळांसाठी.

ती अशी लावायची. कुंडीच्या कडेजवळ समोरासमोर दोन काठ्या. जुन्या बनियनची बोटभर रुंद पट्टी काठीला घट्ट आवळा, मधे पीळ द्या आणि कांडीभोवती सैल घ्या. इंग्रजी आठचा आकडा झाला पाहिजे. सुतळी काचते, उघडी तार तर कापतेच. मग बुडखा दोन बोटांत धरून हळूच ढकला. झाड कुंडीसकट हललं तर जमलं. नुसतंच हललं तर पुन्हा बांधा. नवी मुळं पकडेपर्यंत, म्हणजे निदान दीड-दोन महिने, सोडू नका. एका झाडाची काठी न धुता दुसऱ्याला लावू नका. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यांवर औषध नाही.

आता, प्रत्येक तुरा उभाच हवा असं नाही. आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड घ्या. तिचा तुरा खालीच लोंबायचा. तिला टांगा, काठी लावू नका. वेणीला कुणी पट्टी बांधतं का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं, फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडचा तुरा, भराभर.

तुऱ्याचा दांडा पानाच्या बुडातून निघतो. टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटं, मोजा घातलेल्या हातासारखं दिसलं तर दांडा. तो उजेडाकडे वाढतो, म्हणून खिडकीकडच्या बाजूला कुंडीवर पेनाने खूण करा आणि फुलं उमलेपर्यंत कुंडी फिरवू नका. नाहीतर एक कळी पूर्वेला, एक पश्चिमेला.

दांडा वीतभर झाला की काठी. चार-पाच मिलिमीटर जाड, दीड-दोन फूट लांब. दांड्याजवळ गोल फिरवत खोचा. अडली तर मूळ लागलंय, काढून जरा बाजूला घाला. केसांचा लहान क्लचर उत्तम चालतो; पण पेरावर नको, दोन पेरांच्या मधे. दर चार-पाच इंचांवर एक, शेवटचा पहिल्या कळीच्या खाली. त्यापुढचा दांडा मोकळा, त्याची कमान आपोआप होते.

सकाळी पाणी घातल्यावर बांधू नका. पाण्याने फुगलेला दांडा कडक होतो, काडकन मोडतो. दुपारी, पाणी घालायच्या आधी बांधा. वाकडा असेल तर चार-पाच दिवसांत थोडाथोडा सरळ करा. अर्धवट मोडला तर दोन्ही बाजूंनी काडी लावून टेप गुंडाळा, कधीकधी तगतो. पुरता मोडला तर फुलदाणीत ठेवा, आणि कुंडीतला खालचा भाग हिरवा असेल तर कापू नका, त्याच्या पेरातून फाटा येऊ शकतो.

आणि काठीच्या टोकाला जुन्या पेनाचं टोपण बसवा. पाणी घालताना आपण वाकतो, डोळा नेमका तिथेच येतो.