सेंटॉरस ए: गिळलेल्या दीर्घिकेचा माग

[दृश्य: नरतुरंग तारकासमूह, हळूहळू जवळ येणारी दीर्घिका]

मेच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास, पुण्याहून ती दक्षिण क्षितिजाच्या साधारण 28 अंश वर असते. काळोख्या माळावर द्विनेत्रीतून पुसट ठिपका दिसतो. सेंटॉरस ए. ही एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह. अंतर सुमारे 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं.

मोठ्या दुर्बिणीत आधी नजर जाते ती मधोमध आडव्या पसरलेल्या काळ्या, वाकड्या धूळपट्ट्याकडे. सेंटॉरस ए लंबगोलाकार आहे आणि अशा दीर्घिकेत म्हाताऱ्या ताऱ्यांची गर्दी असते, गार वायू आणि धूळ जेमतेम. मग एवढी धूळ आली कुठून? इथे दोन दीर्घिकांची टक्कर होते आहे, असं बाडे आणि मिंकोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी 1954 साली मांडलं. आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात, की वायूने भरलेली एक दीर्घिका हिने गिळली आणि हा पट्टा तिचाच अवशेष.

[दृश्य: तोच भाग, रेडिओ लहरींत]

आता हे पाहा! केंद्रातून दोन्ही बाजूंना झोत निघालेत. त्यांनी फुगवलेले रेडिओ ढग आकाशात इतके लांब पसरलेत, की सोळा पूर्णचंद्र ओळीने मांडावे लागतील. या सगळ्याच्या मुळाशी सुमारे साडेपाच कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेत झोताचा उगमाजवळचा भाग दिसतो: कडा तेजस्वी, मधला भाग काळसर.

कृष्णविवराला खाद्य मिळणं सोपं नसतं. वायू केंद्राभोवती फिरत असतो आणि ते फिरणंच त्याला आत पडू देत नाही. दीर्घिका एकमेकींत मिसळताना गुरुत्वाकर्षणाची ओढाताण होते, वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, फिरण्याचा जोर मोडतो आणि वायू आत घसरतो. कृष्णविवराभोवती तापलेली तबकडी तयार होते. तिथली चुंबकीय क्षेत्रं काही द्रव्य अक्षाच्या दिशेने प्रचंड वेगात बाहेर फेकतात.

असं वायू गिळून पेटलेलं केंद्र म्हणजे सक्रिय केंद्र. पण प्रत्येक सक्रिय केंद्रामागे टक्करच असते का? हबल अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांवरून 2011 साली 140 सक्रिय दीर्घिका तपासल्या, तेव्हा 85 टक्क्यांहून जास्त दीर्घिकांत मोठी मोडतोड दिसलीच नाही. 2015 मध्ये मात्र दूरच्या, रेडिओ लहरींत प्रखर असणाऱ्या दीर्घिका पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्याच विलीनीकरणाच्या अवस्थेत होत्या. मला यातला झोतांचा धागा सगळ्यात मोलाचा वाटतो: साध्या सक्रियतेला दीर्घिकेतला स्वतःचा वायूही पुरत असावा, बलाढ्य झोतांना मात्र टकरीची साथ लागत असावी.

सेंटॉरस एचे बाहेरचे ढग जुने आहेत, केंद्राजवळचे खूपच तरुण. म्हणजे एका विलीनीकरणानंतरही कृष्णविवर पुन्हापुन्हा पेटत-विझत राहिलं असणार.