बुकीचा टॅक्स आणि बुकीची कबुली

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेतल्या एका टॅक्सबद्दल बोलायचंय. बेटिंग घेणाऱ्या माणसावरचा टॅक्स, म्हणजे आपण ज्याला बुकी म्हणतो ना, त्याच्यावरचा.

१९५१ साल. सेनेटर केफॉव्हर यांच्या कमिटीने गुन्हेगारी टोळ्यांची चौकशी केली, त्यातल्या सुनावण्या टीव्हीवर दाखवल्या, लोकांनी घरबसल्या जबाब बघितले आणि चिडले. त्याच वर्षी कायदा आला. बेटिंग घेणाऱ्याने वर्षाला ५० डॉलर व्यवसाय कर भरायचा, वर १० टक्के, आणि तेही नफ्यावर नाही हं, लागलेल्या सगळ्या पैशावर. मालकाने तर भरायचेच, पण त्याच्यासाठी आकडा घेणाऱ्या पोऱ्यानेही आपले ५० वेगळे भरायचे.

पण खरी गोम पैशात नव्हतीच, ती फॉर्ममध्ये होती. नाव लिहा, घरचा पत्ता लिहा, धंदा कुठे चालतो ते लिहा, हाताखाली कोण कोण आहे तेही लिहा, मग स्टॅम्प मिळणार आणि तो धंद्याच्या जागी सगळ्यांना दिसेल असा लावायचा. टॅक्स भरणाऱ्यांची यादी पोलिसांना बघायला मोकळी. आणि नेवाडा सोडलं तर जवळजवळ सगळीकडे बुकीचा धंदा म्हणजे गुन्हा! म्हणजे टॅक्स नाही भरला तर केंद्राची केस, भरला तर राज्याच्या पोलिसांना स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिली.

१९५३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, बुकी व्हायची सक्ती कुणी केलीय, धंदा सोडा की. मला हे तेव्हाच्या निकालातलं अजिबात पटत नाही. बुकीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, या नादात घरं बसतात, पण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये हा हक्क फक्त सज्जनांसाठी ठेवला तर तो हक्क कसला?

शेवटी २९ जानेवारी १९६८ ला, कनेक्टिकटच्या मार्केटी नावाच्या आरोपीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच जुना निकाल फिरवला. न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलं की टॅक्स बेकायदा नाही, पण पाचव्या दुरुस्तीचा, म्हणजे राज्यघटनेतला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क कुणी रीतसर मागितला तर नोंदणी केली नाही म्हणून त्याला शिक्षा करता येणार नाही. विरोधात एकटे सरन्यायाधीश वॉरन.

मग १९७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, व्यवसाय कर ५० चा ५०० केला, १० टक्क्यांचे २ केले, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की टॅक्ससाठी दिलेली माहिती टॅक्सच्या कामाशिवाय कुणाला द्यायची नाही असं कायद्यातच लिहिलं. पुढे जिथे राज्यानेच परवानगी दिलीय तिथे पुन्हा ५० डॉलर आणि पाव टक्का, म्हणजे १०० डॉलरच्या बेटवर २५ सेंट.

२०१८ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पोर्ट्स बेटिंगवरची केंद्राची आडकाठी काढली, त्यानंतर बऱ्याच राज्यांत स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर झालं. आज काउंटरवर बसून बेट घेणारी मुलगी ११-सी नावाचा फॉर्म भरते, या टॅक्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. चोरून बेटिंग घेणाऱ्यालाही हाच फॉर्म आहे, त्याला मात्र ५० च्या जागी ५०० भरावे लागतात.