हिंगोलीची हळद, ढाक्याचा ग्राहक

[दृश्य: हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट. ढिगामागून ढीग, लिलाव पुढे सरकतोय.]

खरेदीदार ढिगातून एक कांडी उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो. बोली लागते. आडत्या शेतकरी आणि खरेदीदार दोघांनाही ओळखतो. पैसे अडकले तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं, हे ठाऊक असतं.

हीच हळद जुन्या ढाक्यातल्या मौलवीबाजारला निघाली की मधला आडत्या उरत नाही. त्याचं काम मग नमुना, काटा आणि कागद यांच्याकडून करून घ्यावं लागतं.

[दृश्य: पोत्याची शिवण उसवली जाते.]

सुरुवात नमुन्यापासून. बहुतेक भांडणंही इथंच पेरली जातात. निवडून काढलेली, लांब, पॉलिश केलेली कांडी नमुन्याला पाठवायची आणि ट्रकमध्ये सरसकट माल भरायचा. असा व्यवहार एकदाच होतो. शंभर पोती असतील तर निदान दहा उसवा. वरून, मधून आणि तळातून माल काढा, एकत्र करा आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या भरा. तिन्हींवर तारीख, लॉट नंबर आणि मोहोर हवी. एक पिशवी ग्राहकाला, एक तपासणी करणाऱ्या संस्थेला, एक आपल्या कपाटात.

ढाक्याचा ग्राहक शिशाबद्दल हमखास विचारतो, त्यात अपमान वाटून घेऊ नये. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिथं लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळलं जायचं. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने कारवाई केली आणि 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. ग्राहकाने मागायच्या आधीच प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाठवावा.

[दृश्य: काट्यावर ट्रक.]

आता वजन. हिंगोलीत 20,000 किलो भरले, ओलावा 12 टक्के. म्हणजे कोरडा माल 17,600 किलो. वाटेत ऊन लागून ओलावा साडेदहावर आला, तर तिकडच्या काट्यावर भरतात साधारण 19,665 किलो. 335 किलो कमी! चोरी कुणीच केलेली नाही, पाणी उडालं. पण करारात ओलावा लिहिलेला नसेल तर ग्राहकाला आपण चोर दिसतो आणि आपल्याला तो कडता कापणारा. म्हणून भरतानाचा ओलावा, किती टक्के घट चालेल आणि शेवटचा काटा कुठला, या तीन गोष्टी सौद्यातच लिहा. पावसाळ्यात उलटं होतं. सीमेवर, आपल्या बाजूच्या पेट्रापोलच्या रांगेत गाडी उभी राहिली, ताडपत्री फाटकी निघाली, की माल ओल धरतो आणि बुरशी येते. ती बातमी ग्राहकाला सीमेपलीकडच्या बेनापोलच्या हमालाकडून कळण्याआधी आपल्याकडून, फोटोसकट गेलेली बरी.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या व्यवहाराला एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी. पण एलसी उघडली म्हणजे चिंता मिटली, असं नाही. बँक पोतं उघडून बघत नाही, ती फक्त कागद वाचते. माल रवाना झाल्यापासून 21 दिवसांत कागद सादर व्हावे लागतात, एलसीत वेगळी मुदत नसेल तर. एक बारीक खाच आहे. एलसीत नुसतं '20,000 किलो' असेल तर वजनात पाच टक्के कमी-जास्त चालतं, रक्कम मात्र एलसीच्या वर जाता कामा नये. पण '50 किलोची 400 पोती' असं लिहिलं की ती सवलत गेली. दोन पोती फाटून 398 गेली आणि माल तुकड्यांत पाठवायला एलसीत मनाई असली, की कागदात खोट निघते आणि पैसे ग्राहकाच्या मर्जीवर येतात.

2022 नंतर बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली, तेव्हा ग्राहक चोख असूनही बँकांकडून पैसे लांबले. तेव्हा ग्राहकाची पत वेगळी तपासा, त्याच्या बँकेची वेगळी. शंका असेल तर भारतातल्या बँकेकडून एलसी कन्फर्म करून घ्या, म्हणजे पैशाची हमी तीही घेते, आणि तिचा खर्च कुणाचा, तेही आधीच ठरवा.

[दृश्य: दुकानातली वही, शेजारी लॅपटॉप.]

चार-पाच खेपा सुरळीत गेल्यावर ग्राहक उधारी मागतो. मागणारच, आपल्या मोंढ्यातही तेच चालतं. थेट नाही म्हणू नका. साठ दिवसांनी पैसे मिळतील अशी एलसी चालेल म्हणा. ती पाळली तर पुढे बँकेमार्फत पैसे भरूनच मालाचे कागद सोडवण्याची पद्धत. कागद आधी, पैसे मागून, हा टप्पा सर्वांत शेवटी, आणि तोही ईसीजीसीने, म्हणजे निर्यातीतल्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीने, त्या ग्राहकासाठी मंजूर केलेल्या मर्यादेतच. भाव चढला की उधारी फुगते. टनाचा आकडा तोच राहतो आणि अडकलेली रक्कम दीडपट होते, हे वहीत पटकन दिसत नाही.

[दृश्य: कपाटातली मोहोरबंद पिशवी.]

पैसे जमा झाले म्हणून तिसरी पिशवी फेकू नका. हळद तिकडे गिरणीत जाते, पूड होते, पुड्यांतून विकली जाते आणि मगच रंग फिका असल्याची तक्रार येते. तेव्हा ट्रकमधली हळद कुणाकडेच शिल्लक नसते.