मूल्यांकन समिती आणि वर्गातला तास

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात ‘नॅक’ची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, समिती येणार असल्याची सूचना लागली, की भिंतींना रंग लागतो आणि प्राध्यापकांच्या खोलीत फायलींचे ढीग वाढू लागतात. रंगाविषयी मला काही म्हणायचे नाही. निदान त्या निमित्ताने तो लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केलेल्या या परिषदेच्या मूल्यांकनामुळे शिकवण्यात काय फरक पडतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

2017 च्या सुधारित पद्धतीत सात निकषांना मिळून एक हजार गुण होते. त्यांपैकी अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या निकषाला विद्यापीठांसाठी 200, तर संलग्न महाविद्यालयांसाठी 350 गुण ठेवले होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलेली आहेत. अभ्यासक्रम ठरवणे त्यांच्या हाती नसल्यामुळे त्यांना मुख्यतः शिकवण्यावरून जोखावे, हे रास्तच आहे.

परंतु शिकवणे मोजायचे कसे? विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, पीएच.डी. झालेल्या शिक्षकांची संख्या, उत्तीर्णांची टक्केवारी हे आकडे मिळतात, पडताळताही येतात. यातली उत्तीर्णांची टक्केवारी मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण अंतर्गत परीक्षेचे गुण देणारा शिक्षक आणि त्या गुणांवरून जोखला जाणारा शिक्षक एकच असतो. शिवाय कार्यशाळेचा फोटो पुरावा म्हणून जोडता येतो. तास संपल्यावर मागे रेंगाळलेल्या विद्यार्थ्याला तेच प्रमेय पुन्हा समजावण्यात गेलेल्या वेळाची मात्र कुठेच नोंद होत नाही, आणि फायलींसाठी वेळ काढायचा झाला, तर आधी तोच वेळ जातो.

तरीही हे मूल्यांकन नसते तर बरे झाले असते, असे मी म्हणणार नाही. हा घटक आपण कशासाठी शिकवतो, हे लिहून काढण्याची वेळ अनेक शिक्षकांवर त्यामुळेच पहिल्यांदा आली, आणि समाधान सर्वेक्षणातून विद्यार्थ्यांचे म्हणणे निकालात धरले जाऊ लागले.

समिती दोन-तीन दिवसांत परत जाते. त्यामुळे प्रत्येक सत्रात विभागातल्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याच्या तासाला पूर्ण वेळ बसावे आणि आपले टिपण त्यालाच द्यावे, असे मी सुचवेन. ते समितीपुढे ठेवण्याची सक्ती मात्र नसावी. तशी झाली, तर पुढच्याच सत्रापासून सगळी टिपणे एकसारखी आणि निर्दोष येऊ लागतील.